'इमर्जन्सी'ला पोलिश शब्द शोधताना: नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

ऑक्टोबरातली एक रात्र. साडेनऊच्या सुमारास पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात शिकणाऱ्या सांगलीच्या एका मुलाचा फोन आला. आवाज कापत होता. "ताई, माझा रूममेट सकाळी एकटाच कार्कोनोशेच्या डोंगरात गेलाय, चारपासून फोन बंद आहे. मी ११२ ला फोन केला, पण तिकडचा माणूस काहीतरी भलतंच विचारतोय."

मी म्हटलं, "तू नेमकं काय बोललास ते शब्दाला शब्द सांग."

तो म्हणाला, "मुय कोलेगा झ्गिनोव."

घोळ तिथंच कळला. वर्गात त्याला पाकीट हरवलं हे कसं सांगायचं ते शिकवलं होतं: 'झ्गिनोव मी पोर्तफेल'. बिचाऱ्यानं पाकिटाच्या जागी मित्र घातला. पण माणसाबद्दल 'झ्गिनोव' म्हटलं की पोलिश कानाला ऐकू येतं: 'ठार झाला'. म्हणूनच ऑपरेटर अपघात कुठं झाला ते विचारत होता. त्याला हवा होता तो शब्द 'झागिनोव', म्हणजे बेपत्ता झाला. मध्ये फक्त एक 'आ'. पुढं ऑपरेटर इंग्रजीत बोलला, डोंगरातल्या बचाव पथकाला कळवलं गेलं आणि रूममेट रात्रीच सापडला. पण तो एक 'आ' तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी मूळची कोल्हापूरची. इंग्रजीतून पोलिशमध्ये भाषांतर करते, आणि पोलंडमध्ये नव्यानं आलेली आपली मुलं, नोकरदार, त्यांची कुटुंबं यांना अडीअडचणीला मदत करते. संकटाचे शब्द हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. इथं चूक झाली तर वाक्य नुसतं विचित्र वाटून थांबत नाही. रुग्णवाहिका चुकीच्या ठिकाणी जाते, अर्ज चुकीच्या टेबलावर पडतो, घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. नव्यानं हे काम करू पाहणाऱ्यांना, किंवा नुसतं स्वतःपुरतं नीट बोलू इच्छिणाऱ्यांना, मी ज्या क्रमानं शिकवते त्याच क्रमानं लिहिते आहे.

आधी लिपीबद्दल. पोलिश शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. जिथं 'त्स' दिसेल तो आपल्या 'चाक'मधला च समजा आणि जिथं 'च' दिसेल तो 'चहा'मधला. हे दोन आवाज पोलिशमध्ये वेगळे ठेवावे लागतात, आणि मराठी माणसाला ते जन्मजात येतात. 'झ' मात्र दोन-तीन वेगवेगळ्या आवाजांसाठी वापरावा लागला आहे, ते कानानंच शिका. जोर बहुधा शेवटून दुसऱ्या स्वरावर.

पायरी १: शब्द शोधण्याआधी विचारा, हे ऐकून समोरचा काय करणार?

'इमर्जन्सी'ला पोलिश शब्द काय, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. एक शब्द नाही. इंग्रजी एकाच पाटीनं दार, ब्रेक, विमान, दवाखाना आणि राज्यघटना सगळं झाकते. पोलिश भाषा प्रत्येक ठिकाणी कामाकडे बघते.

दारावर 'वियश्चे एवाकुआत्सियने' लिहितात, म्हणजे बाहेर काढण्याचं दार. रेल्वेतला तो लाल दांडा 'हामुलेत्स बेस्प्येचेन्स्त्फा', शब्दशः सुरक्षेचा ब्रेक. विमान तातडीनं उतरवलं तर 'लोंदोवान्ये आवारियने'. ११२ हा 'नुमेर आलार्मोवी'. रुग्णालयातला तातडीचा विभाग 'श्पितालनी ओज्जाव रातुन्कोवी', आणि बोलताना त्याच्या आद्याक्षरांचा एकच शब्द करून सगळे 'सोर' म्हणतात. 'रातुनेक' म्हणजे वाचवणं, सुटका. दार, ब्रेक, यंत्र, घंटा, जीव वाचवणं: पाच ठिकाणी पाच विचार.

यात नवख्यांचा पाय सगळ्यात जास्त घसरतो तो 'आवार्या' या शब्दावर. फोनमधलं भाषांतर तो पटकन पुढं करतं. पण 'आवार्या' म्हणजे यंत्रणेत बिघाड. पाण्याची पाइपलाइन फुटली, लिफ्ट अडकली, सर्व्हर बंद पडला की 'आवार्या'. आईच्या छातीत दुखतंय तेव्हा हा शब्द वापरलात तर ऐकणाऱ्याला कुठलं यंत्र बिघडलं ते कळणार नाही.

दुसरा शब्द 'पोगोतोव्ये'. हा मला फार आवडतो. 'गोतोवी' म्हणजे तयार. त्यावरून आलेला 'पोगोतोव्ये' म्हणजे सज्जता, आणि रोजच्या बोलण्यात रुग्णवाहिका सेवा. तिचा नंबर ९९९. पण गॅसचा वास आला तर तेही 'पोगोतोव्ये', फक्त 'गाझोवे', नंबर ९९२. तेव्हा नुसतं 'पोगोतोव्ये' म्हणून थांबू नका. रुग्णवाहिकेची गाडी हवी असेल तर 'कारेत्का' म्हणा.

कंपनीच्या किंवा कॉलेजच्या अर्जावर 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' असतो, तिथं 'ओसोबा दो कोन्ताक्तु व नाग्विख विपात्काख' लिहा: अचानक प्रसंगी संपर्क करायची व्यक्ती. 'विपादेक' हा अपघातही आहे आणि प्रसंगही. मराठीत 'बाका प्रसंग' आणि 'प्रसंगी' यांत 'प्रसंग' दोन कामं करतो, तसाच. 'ना विपादेक पोवोजी' म्हणजे पुराचा अपघात नव्हे. पूर आलाच तर.

दवाखान्याची माहितीपत्रकं भाषांतरित करत असाल तर इथं थोडं थांबा. पोलिश कायद्यात रुग्णवाहिका आणि 'सोर' कशासाठी आहेत त्याला नेमका शब्दप्रयोग आहे: 'स्तान नाग्वेगो झाग्रोझेन्या झ्द्रोवोत्नेगो', आरोग्याला अचानक निर्माण झालेला धोका. रात्री मुलाला ताप आला, कान दुखतोय, यासाठी वेगळी सोय आहे: 'नोत्स्ना इ श्व्योंतेच्ना ओप्येका झ्द्रोवोत्ना', म्हणजे रात्रीची आणि सुट्टीच्या दिवसाची आरोग्यसेवा. ती संध्याकाळी ६ पासून सकाळी ८ पर्यंत आणि सुट्ट्यांना दिवसभर चालते. इंग्रजी पत्रकात दोन्हींना नुसतं 'इमर्जन्सी केअर' म्हटलेलं मी कितीदा पाहिलंय. तुम्ही ते तसंच उतरवलंत तर कान दुखणारं लेकरू घेऊन एखादी आई 'सोर'मध्ये आठ तास बसेल.

पायरी २: कायद्याचे शब्द जसेच्या तसे उचला, स्वतः घडवू नका

'स्टेट ऑफ इमर्जन्सी' हे वाक्यात आलं की पेन खाली ठेवा आणि आधी शोधा: कुठली?

२ एप्रिल १९९७ च्या पोलिश राज्यघटनेत अकराव्या प्रकरणाचं नाव 'स्तानी नाद्झ्विचायने' आहे, असाधारण अवस्था. कलम २२८ मध्ये अशा तीन अवस्था सांगितल्यात. 'स्तान वोयेन्नी' (मार्शल लॉ), 'स्तान वियोंत्कोवी' (अपवादात्मक अवस्था) आणि 'स्तान क्लेंस्की झिव्योवोवेय' (नैसर्गिक आपत्ती). इंग्रजी बातम्या या तिन्हींना कधी कधी एकाच नावानं हाक मारतात. पोलिशमध्ये तसं करणं म्हणजे चुकीचा कायदा लागू झाल्याचं सांगणं.

तारखांसकट लक्षात ठेवा, म्हणजे विसरणार नाही. २ सप्टेंबर २०२१ ला बेलारूसच्या सीमेलगतच्या १८३ वस्त्यांत लागू झाला तो 'स्तान वियोंत्कोवी'. घटनेप्रमाणे तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि एकदाच वाढवता येतो, तोही ६० दिवसांपर्यंत. १६ सप्टेंबर २०२४ ला दक्षिणेकडच्या महापुरानंतर ३० दिवसांसाठी लागू झाला तो 'स्तान क्लेंस्की झिव्योवोवेय', नैसर्गिक आपत्तीची अवस्था. आणि २० मार्च २०२० ला कोविडसाठी जाहीर झाला तो 'स्तान एपिदेमी'. तो घटनेतल्या तिन्हींपैकी एकही नव्हता, साथरोगांच्या कायद्याखालचा होता. त्या काळातला कागद भाषांतरित करताना 'वियोंत्कोवी' लिहिलंत तर तो कागद खोटं बोलेल.

'मार्शल लॉ'ला 'स्तान वोयेन्नी'. शब्दशः पाहिलं तर 'युद्धकालीन अवस्था'. पण 'स्टेट ऑफ वॉर', म्हणजे दोन देशांतली युद्धस्थिती, ही 'स्तान वोयनी'. दिसायला जुळे, अर्थ निराळे. आणि 'स्तान वोयेन्नी' उच्चारला की पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढं १३ डिसेंबर १९८१ ची सकाळ उभी राहते: रस्त्यावर रणगाडे, फोन बंद, टीव्हीवर गणवेशात मार्शल लॉ जाहीर करणारे जनरल यारुझेल्स्की. ते २२ जुलै १९८३ पर्यंत चाललं. आपल्याकडं 'आणीबाणी' म्हटलं की १९७५ आठवतं, खुलासा करावा लागत नाही, अगदी तसंच. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, जिथं मराठीत तुम्ही 'आणीबाणी' लिहायला बिचकाल आणि 'आपत्कालीन' लिहाल, तिथं पोलिशमध्येही 'स्तान' या शब्दाला हात लावू नका.

'स्तान'चा आणखी एक अर्थ, आणि तो कोल्हापूरकरांना लगेच समजेल. नदीच्या पाण्याची पातळी म्हणजेही 'स्तान'. 'स्तान ओस्तशेगाव्ची' ही इशारा पातळी, 'स्तान आलार्मोवी' ही धोका पातळी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट आणि ४३ फूट आम्ही शाळेत असल्यापासून तोंडपाठ म्हणतो. ओद्रा नदीची बातमी वाचताना मला शब्दकोश लागलाच नाही. इंग्रजी बातमीत मात्र 'वॉर्निंग', 'अलार्म', 'अलर्ट', 'डेंजर' हे शब्द वाटेल तसे फिरतात. अशा वेळी मधे मराठी ठेवा: इशारा की धोका? मग पोलिश शब्द आपोआप सापडतो.

सरकारी सुरक्षा केंद्राकडून मोबाइलवर येणाऱ्या संदेशाचं नावच 'आलेर्त एर-त्से-बे' आहे. ते २०१८ पासून येतात. ते नाव भाषांतरित करायचं नाही, तसंच ठेवायचं. संदेशाची सुरुवात बहुधा 'उवागा!'नं होते: सावधान, लक्ष द्या.

पायरी ३: माणसांना नेमकं काय झालं ते सांगा

इंग्रजी 'व्हिक्टिम' मेलेल्यालाही म्हणतात आणि घर बुडालेल्यालाही. पोलिशमध्ये 'ओफ्यारा' हा शब्द समोर येतो, आणि तो शब्दकोशात बरोबरच आहे. पण 'ओफ्यारी पोवोजी' असं बातमीत वाचलं की पोलिश वाचक मृतांचा आकडा शोधतो. 'ओफ्यारा' म्हणजे बळी. देवाला दिलेला बळी, चर्चमधलं दान, आणि दुर्घटनेतला बळी. मराठीतही 'पुराचे बळी' आणि 'पूरग्रस्त' यांत आपण कधी गल्लत करत नाही.

पूरग्रस्ताला पोलिशमध्ये सुंदर एक शब्द आहे: 'पोवोजानिन', अनेकवचन 'पोवोजान्ये'. 'पोवुच' म्हणजे पूर, त्यावरून आलेला. जुलै १९९७ च्या महापुरात व्रोत्सवाफचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, तेव्हापासून हा शब्द इथं घरोघरी आहे. आगीत घर गेलेला 'पोगोझेलेत्स'. कुठल्याही घटनेत इजा किंवा नुकसान झालेला 'पोश्कोदोवानी', जखमी 'रान्नी'. इंग्रजीत '१२ कॅज्युअल्टीज' आलं तर मूळ स्रोत पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. त्यात मृत किती, जखमी किती हे पोलिशमध्ये वेगळं सांगावंच लागतं.

मृत्यूचे शब्दही तसेच. आजारानं, वयानं गेला तर 'उमार'. अपघातात, युद्धात, पुरात गेला तर 'झ्गिनोव'. रणांगणावर पडला तर 'पोलेग'. बेपत्ता असेल तर 'झागिनोव'. स्त्रीबद्दल 'झ्गिनेवा' आणि 'झागिनेवा'. हे शब्द मोठ्यानं म्हणून तोंडात बसवा, रोज दहा वेळा. मला यात अतिरेक वाटत नाही.

निर्वासिताला 'उखोच्त्सा'. आपल्या वाचकांना हा शब्द परका वाटायला नको. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश लोक राहून गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना सोव्हिएत संघात हद्दपार केलं होतं आणि तिथून ते इराणमार्गे आपल्याकडं आले. त्या वस्तीला आपण 'वळिवडे कॅम्प' म्हणतो. ते लोक मात्र तिला 'ओशेद्ले' म्हणत, म्हणजे वसाहत. 'कॅम्प'चा शब्दकोशातला पोलिश शब्द 'ओबुस'. तोच शब्द नाझींच्या छळछावण्यांना वापरला जातो. स्काउटच्या पोरांच्या शिबिरालाही तोच आहे, त्यामुळे तो वाईट शब्द नाही, पण निर्वासितांच्या बाबतीत तो लिहिताना मी नेहमी दोनदा विचार करते. आजच्या पोलंडमध्ये आश्रय मागणाऱ्यांना ठेवतात त्या जागेचं सरकारी नाव 'ओश्रोदेक द्ला त्सुद्झोझेम्त्सुफ' आहे, परदेशी नागरिकांचं केंद्र. आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या सीमेवर जे उघडले ते 'पुंक्ती रेत्सेप्त्सियने', म्हणजे स्वागत केंद्रं. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली शेकडो मुलं मेदिकाच्या नाक्यावरून पोलंडमध्ये शिरली आणि झेशुफच्या विमानतळावरून मायदेशी गेली. ती मुलं निर्वासित नव्हती, परतीच्या वाटेवरचे विद्यार्थी होते. त्यांच्या कागदावर 'उखोच्त्सा' लिहिणं चूक ठरलं असतं.

'असायलम' हा खड्डा जपून ओलांडा. पोलिशमध्ये 'आझिल' असा हुबेहूब शब्द आहे, पण कायद्यात तो वेगळा, क्वचित दिला जाणारा दर्जा आहे आणि त्यासाठी पोलंडचं स्वतःचं हित गुंतलेलं असावं लागतं. इंग्रजीत ज्याला सरसकट 'असायलम अॅप्लिकेशन' म्हणतात तो पोलिशमध्ये 'व्न्योसेक ओ उजेलेन्ये ओख्रोनी म्येंद्झिनारोदोवेय', आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा अर्ज. लांबलचक आहे, पण तेवढाच लिहावा लागतो.

युक्रेनबद्दल लिहिताना एक छोटी गोष्ट. जुन्या पोलिशमध्ये 'युक्रेनमध्ये' म्हणायला 'ना उक्राइन्ये' म्हणत, जसं एखाद्या प्रदेशावर. २०२२ मध्ये पोलिश भाषा परिषदेनं 'व उक्राइन्ये' या रूपाचा, म्हणजे इतर देशांसारखा, वापर करावा असं सुचवलं. दोन्ही ऐकू येतील. मी 'व' लिहिते आणि तुम्हीही तेच लिहावं असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४: 'शेल्टर' आलं की थांबा

डोंगरात हरवलेला तो मुलगा कुठं होता? 'स्ख्रोनिस्को'मध्ये, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यात, गरम सूप पीत. फोनची बॅटरी संपली होती. सकाळी त्यानं घरी इंग्रजीत संदेश टाकला, 'मी शेल्टरमध्ये आहे'. सांगलीत त्याच्या आईनं तो वाचला आणि त्या दिवसांत टीव्हीवर रोज दिसणारी युक्रेनमधली तळघरं तिच्या डोळ्यांपुढं आली. तिची समजूत काढायला मला पाऊण तास लागला.

एकाच धातूतून पोलिशमध्ये तीन शब्द निघतात. 'स्ख्रोन' हा बॉम्बपासून वाचण्याचा पक्का आसरा. 'स्ख्रोनिस्को' हा डोंगरातला निवारा, किंवा भटक्या कुत्र्यामांजरांचा, किंवा बेघरांचा. 'स्ख्रोन्येन्ये' हा नुसता आसरा, कुठलाही. शिवाय बेघरांसाठी रात्रीपुरती झोपायची जागा 'नोत्स्लेगोव्न्या', आणि थंडीत ऊब घ्यायला बसायची खोली 'ओगझेवाल्न्या'. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नागरी संरक्षणाच्या कायद्यानं तर पायऱ्याच लावून दिल्यात: 'स्ख्रोन', त्याहून साधं 'उक्रिचे', आणि तात्पुरत्या आसऱ्याची जागा 'म्येयस्त्से दोराझ्नेगो स्ख्रोन्येन्या'. इमारतीच्या तळघराला उगाच 'स्ख्रोन' म्हणू नका. त्या शब्दामागं भिंतींची जाडी, हवा आणि दार यांची हमी असते.

पायरी ५: आता 'क्रायसिस'

हा शब्द मुद्दाम मागं ठेवला, कारण तो सोपा वाटतो आणि बहुतेक वेळा खरंच सोपा असतो. 'क्रिझिस'. ऊर्जेचा, हवामानाचा, घरांचा, मध्यमवयाचा, सगळे 'क्रिझिस'. आपत्ती व्यवस्थापनाला 'झाझोंद्झान्ये क्रिझिसोवे', त्याचा कायदा २६ एप्रिल २००७ चा.

तीन ठिकाणी मात्र हात आवरा. 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग क्रायसिस' याचं शब्दशः पोलिश रूप वर्तमानपत्रात सापडेल, पण बाजारात भाजी घेणारी बाई म्हणते 'द्रोझिझ्ना'. महागाई. मराठीतही आपण 'राहणीमान-खर्च संकट' म्हणत नाही. दुसरं, १९२९ नंतरची इंग्रजीतली 'ग्रेट डिप्रेशन' पोलिशमध्ये 'व्येल्की क्रिझिस' होते. 'देप्रेस्या' लिहिलंत तर वाचकाला मनाचा आजार आठवेल, नाहीतर समुद्रसपाटीखालची जमीन. आणि तिसरं, एखादी व्यवस्था कोलमडली असं म्हणायचं असेल तर 'झापाश्च' जास्त बोलका. मूळ अर्थ रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली जाऊन तो कोसळणं.

माणसाच्या मनाशी संबंधित मजकूर असेल तर फार जपून. गेल्या काही वर्षांत पोलिशमध्ये माणूस आधी आणि संकट नंतर अशी रचना रूढ होते आहे. 'बेझदोम्नी', म्हणजे बेघर, याऐवजी 'ओसोबा फ क्रिझिशे बेझदोम्नोश्ची', बेघरपणाच्या संकटातली व्यक्ती. मनानं खचलेल्यासाठी 'ओसोबा फ क्रिझिशे प्सिखिच्निम'. लांब आहे म्हणून तोडू नका. अर्ज वाचणाऱ्या माणसाला त्या शब्दांतून आपण कोण म्हणून दिसतो आहोत ते कळतं. आत्महत्येबद्दल लिहावं लागलं तर 'पोपेवनिच' हे क्रियापद टाळा. ते गुन्हा करणं, चूक करणं यांना लागतं. 'ओदेब्राच सोब्ये झिचे', स्वतःचं आयुष्य संपवणं, हे म्हणा. आणि अशा कुठल्याही मजकुराखाली पोलंडमधले मदतीचे नंबर द्या: मुलं आणि तरुणांसाठी ११६ १११, प्रौढांसाठी ८०० ७० २२२२. मी ते प्रत्येक वेळी स्वतः तपासून मगच छापायला देते.

पायरी ६: व्याकरण, पण जीव वाचवण्यापुरतं

दोनच गोष्टी. पहिली क्रियापदाची. 'रातोवाली' म्हणजे वाचवत होते. जमलं की नाही, माहीत नाही. 'उरातोवाली' म्हणजे वाचवलं. आधी लागलेला 'उ' हा अख्ख्या बातमीचा शेवट आहे. इंग्रजी मथळ्यात 'रेस्क्यूड' असेल तर 'उरातोवाली'. 'रेस्क्यू अंडरवे' असेल तर तो 'उ' लावायचा नाही. मराठी क्रियापदावर बोट ठेवा, उत्तर मिळेल.

दुसरी आकड्यांची. 'द्व्ये ओसोबी झ्गिनेवी', दोन जण ठार. पण पाचावर गेलात की नाम बदलतं, आणि क्रियापद एकवचनी नपुंसकलिंगी होतं: 'प्येंच ओसुप झ्गिनेवो'. १२ ला पाचासारखं, २२ ला पुन्हा दोनासारखं, २५ ला परत पाचासारखं. मथळा करताना नंतर आकडा वाढला तर नुसता आकडा बदलून चालत नाही, वाक्य बदलावं लागतं. पुराच्या त्या आठवड्यात हीच चूक मी दमून गेल्यावर स्वतः केली होती.

ओरडायचे शब्द वेगळे शिकवत नाही, फक्त सांगते: 'वाचवा!' म्हणजे 'रातुन्कु!' किंवा 'पोमोत्सी!'. आग लागली तर 'पाली शे!'. 'ओग्येन!' असं ओरडू नका. तो शब्द आगीचाच आहे, पण त्याचंच 'ओग्न्या!' हे रूप म्हणजे सैन्यातला गोळी झाडायचा हुकूम.

पायरी ७: तपासणी

शब्द मिळाला की तो कुठल्या वाक्यात राहतो ते पाहा. पोलिश विज्ञान अकादमीचा मोठा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे आणि तो शब्दाबरोबर त्याचे नेहमीचे सोबती देतो. पोलिशचा राष्ट्रीय कॉर्पस खऱ्या वापरातली वाक्यं दाखवतो. कायद्याचा शब्द असेल तर युरोपियन संघाचे कायदे पाहा: १ मे २००४ ला पोलंड संघात आल्यापासून तेच कायदे इंग्रजी आणि पोलिश दोन्हींत समोरासमोर सापडतात. पोलंडचा स्वतःचा कायदा असेल तर मात्र मूळ पोलिश कायदाच उघडा. युरोपियन मजकुरातला शब्द त्यात असेलच असं नाही.

मग एखाद्या पोलिश माणसाला वाचून दाखवा. 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, ते भिडेखातर हो म्हणतात. विचारा, 'हे वाचून तुम्ही आता काय कराल?' आमच्या शेजारच्या आजींना मी एकदा स्थलांतराची सूचना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी औषधं घेईन आणि खाली दाराशी जाऊन थांबेन." मूळ इंग्रजीत लोकांनी वरच्या मजल्यावर जावं असं होतं. मी एक उपसर्ग चुकले होते. आजींनी दोन मिनिटांत तो पकडला.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या मर्यादेबद्दल. न्यायालय, परदेशी नागरिकांचं कार्यालय, जन्म-मृत्यूचे दाखले यांसाठी पोलंडमध्ये शपथबद्ध भाषांतरकार लागतो: 'त्वुमाच प्शिशेंग्वी'. त्याची परीक्षा असते, यादी न्याय मंत्रालयाकडं असते, शिक्का असतो, आणि पान मोजतात ते मोकळ्या जागांसकट १,१२५ अक्षरांचं. तुम्ही कितीही चांगले असलात तरी त्या शिक्क्याची जागा घेऊ शकत नाही. पण रात्री दोनला 'सोर'च्या बाकड्यावर शिक्का असलेला माणूस नसतो, तुम्ही असता. तेव्हा डॉक्टरांना आधी हे वाक्य सांगा: 'न्ये येस्तेम त्वुमाचेम प्शिशेंग्विम', मी शपथबद्ध भाषांतरकार नाही. मग रुग्णाचं प्रत्येक वाक्य लहान करून सांगा, डॉक्टरांचं उत्तर रुग्णाला मराठीत सांगा, आणि त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्या. औषधाचं नाव आणि मात्रा मात्र तोंडी नेऊ नका. कागद पुढं करा आणि डॉक्टरांनाच लिहायला सांगा.